ग्रॅहम ग्रीन ह्यांचे ब्रायटन : एक वाचन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन ह्या हवापालटाच्या गावी साखरेची एक गुलाबी कांडी विकली जाते. तिला तिथे 'रॉक' म्हणतात. कांडी कुठेही मोडावी, आतल्या पांढऱ्या चकतीवर गावाचे नाव उमटलेले दिसते. शेवटच्या घासापर्यंत ती अक्षरे पुसली जात नाहीत. ग्रॅहम ग्रीन ह्यांच्या १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्रायटन रॉक' ह्या कादंबरीचे नाव ह्या कांडीवरून आले. माणूस मुळात जसा असतो तसाच अखेरपर्यंत राहतो, हे आपले मत कादंबरीतील आयडा ही बाई ह्याच कांडीचा दाखला देऊन मांडते. ग्रीन आयडाच्या बाजूचे नाहीत, हे वाचकाला लवकरच कळते. तथापि, प्रस्तुत लेखकाला अनेक वर्षांनी ही कादंबरी पुन्हा वाचताना असे जाणवले की, एका बाबतीत ग्रीन ह्यांनीही आयडाचेच म्हणणे नकळत मान्य केले आहे. त्यासंबंधी येथे लिहावयाचे आहे.

ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. पिंकी ब्राऊन हा सतरा वर्षांचा पोरगा ब्रायटनच्या घोड्यांच्या शर्यतींवर पोसलेल्या एका गुंडटोळीचा म्होरक्या आहे. त्याच्या टोळीने एक खून पाडला आहे. उपाहारगृहात वाढपी असलेल्या रोझ ह्या सोळा वर्षांच्या मुलीला ह्या खुनाचा एक धागा अजाणता सापडलेला असतो. पत्नीची साक्ष पतीविरुद्ध घेता येत नाही, म्हणून पिंकी तिच्याशी सरकारी कचेरीत लग्न लावतो. दोघेही कॅथलिक आहेत. आपण प्राणघातक पापात जगत आहोत ह्याची दोघांनाही पूर्ण जाणीव आहे, आणि ही जाणीव हाच कादंबरीचा गाभा होय. आयडाला 'बरोबर' आणि 'चूक' एवढे दोनच शब्द ठाऊक. पिंकी आणि रोझ ह्यांना 'चांगले' आणि 'दुष्ट' हे शब्द ठाऊक आहेत. ह्या दोन जोड्यांमधील अंतर ग्रीन ह्यांनी ज्या ताकदीने दाखविले आहे, त्या ताकदीने ते दाखविणारा कादंबरीकार विसाव्या शतकात विरळाच.

परंतु हे सारे घडते ते एका विशिष्ट शहरात, आणि ते शहर कसे वाढले हे पाहिल्याखेरीज ग्रीन ह्यांनी काय घेतले व काय सोडले ह्याचा अंदाज येत नाही.

ब्रायटन हे मूळचे कोळ्यांचे गाव. १७५० साली रिचर्ड रसेल नावाच्या वैद्याने समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा लॅटिन ग्रंथ लिहिला आणि ज्या पाण्याला आजवर फक्त कोळी भीत होते, त्यात श्रीमंत मंडळी अंग बुचकळू लागली. १७८३ साली युवराज जॉर्ज तेथे प्रथम आला. त्याच्यामागून दरबार आला, दरबारामागून शिंपी, आचारी, सावकार व जुगारी आले. पुढे जॉन नॅश ह्या वास्तुशिल्पज्ञाने युवराजासाठी घुमट-मिनारांचा, बाहेरून हिंदुस्थानी वाटणारा 'रॉयल पॅव्हिलियन' हा महाल उभारला. १८४१ साली लंडनहून आगगाडी आली आणि राजेरजवाड्यांचे गाव कारकुनांचे, कामगारांचे झाले. सकाळी यावे, समुद्र पाहावा, संध्याकाळच्या गाडीने परतावे. १८०१ मध्ये सात हजारांच्या आसपास असलेली वस्ती १८५१ पर्यंत पासष्ट हजारांवर गेली. दर्शनी बाजूला समुद्राकडे तोंड केलेली पांढरी हॉटेले, आणि मागे टेकडीवर, ह्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या व भांडी घासणाऱ्या माणसांच्या कोंदट गल्ल्या. पिंकी आणि रोझ दोघेही अशाच एका गल्लीतले. ग्रीन ह्यांची 'नेल्सन प्लेस' ही वस्ती कार्लटन हिलच्या गरीब मोहल्ल्यावर बेतलेली मानतात. पिंकीच्या वस्तीचे नाव तर 'पॅराडाइज पीस', म्हणजे नंदनवनाचा तुकडा! तो परत जातो तेव्हा ती पाडली गेलेली असते. त्या पडक्या विटांचे वर्णन ग्रीन ह्यांनी केले आहे ते केवळ अप्रतिम होय. आपल्या बालपणीचा नरकसुद्धा शिल्लक उरला नाही, हे पाहून माणसाला जे वाटते ते त्यात पकडले आहे.

आता सोडले काय, ते पाहू. हे गाव वाढविले ते प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांनी. रेल्वे स्थानकाची इमारत आखणारा डेव्हिड मोकाटा हा ज्यू. १८७५ साली बांधलेले ज्यूंचे देखणे सभास्थान मिडल स्ट्रीटवर आजही उभे आहे. पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद आयर्लंडमार्गे, आयरिश पत्नीसह येथे आला आणि किनाऱ्यावर वाफेच्या स्नानाचे व अंग रगडण्याचे घर चालवू लागला. आपल्या 'चंपी'चा इंग्रजांनी 'शांपू' केला होताच. त्याचा उपचार घ्यायला दोन राजे त्याचे गिऱ्हाईक झाले. ह्याच गृहस्थाने १७९४ साली इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रजीत पुस्तक लिहिणारा तो पहिला हिंदी माणूस. १८५१ साली तो वारला व तेथील सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. पुढे पहिल्या महायुद्धात, फ्रान्सच्या खंदकांत जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी त्याच पॅव्हिलियनचे रुग्णालय करण्यात आले. जातिधर्म सांभाळावेत म्हणून तेथे नऊ निरनिराळी स्वयंपाकघरे होती! जे हिंदू व शीख सैनिक दगावले, त्यांपैकी ५३ जणांवर शहराबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाला. तेथे १९२१ साली संगमरवरी छत्री उभारली गेली. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ती छत्री सतरा वर्षांची होती, म्हणजे पिंकीच्याच वयाची.

कादंबरीकाराने शहराची जनगणना करावी अशी अपेक्षा कोणी सुज्ञ टीकाकार करणार नाही. ग्रीन ह्यांच्यावर आक्षेप आहे तो वेगळा. परके म्हणून जे कोणी त्यांनी कथेत घेतले, त्यांचे त्यांनी काय केले? पिंकीचा प्रतिस्पर्धी कोलिओनी हा इटालियन नावाचा धनाढ्य गुंड 'कॉस्मोपॉलिटन' नामक आलिशान हॉटेलात राहतो. शर्यतींच्या मैदानावर इटालियन वंशाच्या साबिनीची टोळी त्या काळी खरोखरच वावरत होती व कोलिओनी तिच्यावर बेतला आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत कोलिओनीचे व त्याच्या माणसांचे वर्णन करताना ते ज्यू असल्याचा उल्लेख ग्रीन वारंवार करतात, आणि तो उल्लेख तिरस्काराच्या सुरात येतो. महायुद्धात ज्यूंचे काय झाले हे जगाला कळल्यानंतर पुढील आवृत्त्यांतून ग्रीन ह्यांनी असे बरेच शब्द काढून टाकले. काढले हे चांगलेच केले. तरीही काही खुणा राहिल्याच. शब्द काढून टाकले तरी त्यामागची रचना तशीच राहते. कोलिओनीला आत्मा आहे काय, त्याला नरकाचे भय वाटते काय, त्याची आई कुठल्या मंदिरात मेणबत्ती लावीत होती, हे प्रश्न लेखक विचारीतच नाही. खुनी पिंकीसाठी ज्या लेखकाने दैवी कृपेचा दरवाजा अखेरपर्यंत किलकिला ठेवला, त्याने ह्या परक्याला नुसता सुखवस्तू व गुळगुळीत ठेवून सोडून दिले. येथे आयडाची कांडी आठवते. कोलिओनी कुठेही मोडा, आत एकच अक्षर!

हाच दोष, अधिक सूक्ष्म रूपात, कॅथलिकांच्या चित्रणातही आहे, आणि आपल्या वाचकांच्या दृष्टीने तो अधिक विचारार्ह आहे. रोझ आणि पिंकी एकमेकांना 'रोमन' म्हणून ओळखतात. ही ओळख पटताच त्यांच्यात जे नाते जुळते ते मला श्रद्धेपेक्षा जातीच्या नात्यासारखे वाटते: आपण एका बिरादरीचे, ती बाई आपल्यातली नव्हे. पिंकी लहानपणी चर्चच्या गायकवृंदात होता, धर्मगुरू व्हावे असेही त्याला वाटे. मात्र त्याला गायला कोणी शिकविले? रोझला नरक ठाऊक आहे, तो तिला कोणी सांगितला? ह्या दोघांभोवती धर्मग्रामच नाही. एकही शेजारीण नाही, मिस्साहून परतताना चौकशी करणारी एकही म्हातारी नाही. रोझचे आईबाप तर काही गिनींच्या मोबदल्यात मुलगी देऊन मोकळे होतात. कांडीतल्या अक्षरांप्रमाणे कॅथलिकपण ह्या मुलांच्या आत छापलेले आहे, जणू ते कारखान्यातूनच तसे बाहेर पडले. स्नानसंस्काराची मुद्रा अमीट असते, ही ख्रिस्तसभेची शिकवण ग्रीन पक्की जाणतात. पण त्याच संस्काराने माणूस एका कुटुंबात सामील होतो, हा शिकवणीचा दुसरा अर्धा भाग कादंबरीत आलेला नाही.

आपण वसईकरांनी ह्यावर फार बोट दाखवू नये, हेही खरे. सामवेदी, वाडवळ, कोळी असे आपण सारे एकाच वेदीपुढे गुडघे टेकतो. सोयरिकीची गोष्ट निघाली की नऊ स्वयंपाकघरे मांडतो. मुंबईतून इमारतींत राहावयास आलेल्या गोवेकर, मंगळूरकर, केरळी कॅथलिकांना आपल्यातले कितीजण अजूनही 'बाहेरची माणसे' म्हणतात हे पाद्रीबुवांच्या कानांवर पडत नाही असे कोणी समजू नये.

ब्रायटनच्या इतिहासातच ग्रीन ह्यांना एक विलक्षण जोड सापडली असती. मरिया फिट्झहर्बर्ट ही कॅथलिक विधवा. युवराज जॉर्जने तिच्याशी १७८५ साली गुप्तपणे विवाह केला. तो ख्रिस्तसभेने वैध मानला, पण देशाच्या कायद्याने शून्यवत ठरविला. रोझचा विवाह कायद्याने पक्का, परंतु ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाहच नव्हे. दोघीही एका दुष्ट वा दुबळ्या पुरुषावर जीव टाकणाऱ्या, दोघीही ब्रायटनच्या. मरियाबाई १८३७ साली तेथेच वारली व सेंट जॉन द बाप्टिस्ट ह्या कॅथलिक चर्चमध्ये तिला पुरले. तिथल्या स्मारकशिल्पात तिच्या बोटांत तीन विवाहांच्या तीन अंगठ्या कोरल्या आहेत. राजाच्या सरकारने नाकारलेली अंगठी पाथरवटाने मान्य केली!

आणखी एक गोष्ट टीकाकारांच्या लिखाणात मला फारशी आढळली नाही. कादंबरीचा आरंभ 'व्हिट मंडे'ला, म्हणजे पेन्टेकॉस्ट सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीत होतो. पन्नास हजार माणसे गाड्यांतून किनाऱ्यावर उतरतात. पहिल्या पेन्टेकॉस्टला यरुशलेममध्ये पार्थी, मेदी, एलामी असे नाना देशांचे लोक जमले होते आणि प्रत्येकाला प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले. ग्रीन ह्यांच्या ब्रायटनमध्ये सारे एकच भाषा बोलतात, आणि कोणालाच कोणाचे ऐकू येत नाही. ग्रीन १९२६ पासून कॅथलिक होते. हा दिवस त्यांनी सहज निवडला असेल असे मला वाटत नाही. जर हेतुपूर्वक निवडला असेल, तर कादंबरीतील एकाकीपणाला एक कारण मिळते. धर्मग्राम नाही हा माझा आक्षेप त्यामुळे पुरता जात नाही, मात्र थोडा सौम्य होतो.

तो आणखी सौम्य होतो शेवटच्या प्रकरणात. पिंकी कड्यावरून कोसळून मेला आहे. रोझ पापनिवेदनाच्या खुर्चीजवळ येते. तिला क्षमा नको आहे, त्याच्याबरोबर नरकात जाता आले नाही ह्याचे दुःख आहे. जाळीपलीकडचा म्हातारा धर्मगुरू सर्दीने बेजार झालेला, धापा टाकणारा. तो तिला एका फ्रेंच माणसाची हकीकत सांगतो. कोणाचाही आत्मा नरकात जावा हे सहन न झाल्यामुळे तो माणूस संस्कारांपासून दूर राहिला होता. मग देवाच्या दयेची रीत कोणाही माणसाच्या आकलनापलीकडची आहे, असे काहीसे तो पुटपुटतो. त्याला वक्तृत्व नाही, त्याच्याजवळ उत्तर नाही. पोटात मूल असेल तर त्याला संत कर, बापासाठी प्रार्थना करील, एवढे तो सांगतो. तीस वर्षे त्या जाळीमागे बसलेला कोणीही धर्मगुरू हे पान वाचून ओळखील की, हे खरे आहे. नेमके असेच होते. ज्या प्रसंगी शब्द हवेत त्याच प्रसंगी खोकला येतो. साऱ्या कादंबरीत रोझला मिळालेला धर्मग्राम म्हणजे हा एक म्हातारा, आणि तोही कुठला, कोण, हे आपल्याला कळत नाही.

१९४७ साली बूल्टिंग बंधूंनी ह्या कादंबरीवर चित्रपट काढला. पुढे 'गांधी' दिग्दर्शित करणारे रिचर्ड ॲटनबरो त्यात पिंकी झाले होते व त्यांचे काम अजूनही अंगावर काटा आणते. शेवट मात्र बदलला आहे. पिंकीने रोझसाठी आपल्या आवाजाची तबकडी मुद्रित केलेली असते आणि तीत तिच्याविषयीचा द्वेष ओकलेला असतो. चित्रपटात सुई नेमकी गोड शब्दांवरच अडकते आणि तेवढेच पुन्हा पुन्हा वाजते. पटकथेत स्वतः ग्रीन ह्यांचाही हात होता. तरीही मला हा शेवट पटत नाही. कादंबरीत तबकडी वाजत नाही. तो आवाज ऐकण्याच्या आनंदात रोझ घराकडे झपझप निघालेली असते आणि तेथेच पुस्तक मिटते.

ब्रायटनला शेजारच्या होव्हसह आता शहराचा दर्जा मिळाला आहे. होव्हमध्ये कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचे चर्च आहे. इजिप्त व सुदानकडून आलेली कुटुंबे तेथे उपासनेला जमतात. आणि कार्लटन हिलवर, नेल्सन प्लेसच्या परिसरात, एक जुने अँग्लिकन चर्च १९८०च्या दशकात ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांनी विकत घेतले. २०१० साली त्याला आग लागली होती. लोकांनी ते पुन्हा उभे केले. पिंकीच्या टेकडीवर रविवारी सकाळी आता ग्रीक भाषेत उपासना होते.