'अधांतर': संपाबाहेर राहिलेले श्रम

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात मुंबईतील सुमारे २.५ लाख गिरणी कामगार सहभागी झाले. या संपानंतरचे उद्ध्वस्त गिरणगाव जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात येते. बेकार तरुणांची शोकांतिका म्हणून त्याचे वाचन योग्य असले, तरी ते अपुरे आहे. नाटककाराने हा संघर्ष चाळीतील खोलीत आणला आहे. तेथे मुलांच्या हातांना काम नाही. आईच्या हातांना मात्र उसंत नाही. श्रमाचा विचार वेतनापुरताच करणारी समीक्षा तिला 'सोशिक आई' ठरवून मोकळी होते. वास्तविक या घरात अखंड राबणारी कामगार तीच आहे. तिचे श्रम हिशेबात धरल्याशिवाय संपाची खरी किंमत मोजता येणार नाही.