काचचित्रकलेची सद्यःस्थिती

रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून गवाक्ष भरण्याची जी विद्या बाराव्या-तेराव्या शतकांत फ्रान्समधील शार्त्र येथे परमोत्कर्षास पोहोचली, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांच्या नमुनावह्यांत अडकून बरीचशी निष्प्राण झाली होती; आणि दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाने युरोपातील असंख्य प्रार्थनामंदिरांची तावदाने फुटली नसती, तर तिला इतके नवे काम इतक्या लवकर मिळाले असते असे वाटत नाही. हे काम आले ते बहुधा प्रथितयश चित्रकारांकडे. मातीस यांनी १९५१ साली वाँस येथील छोटे प्रार्थनागृह सजवले; शागाल यांनी जेरुसलेमपासून माइन्त्सपर्यंत निळाईचे साम्राज्य पसरले; कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलात १९६२ साली जॉन पायपर यांची कल्पना पॅट्रिक रेंतिएन्स यांच्या हातून काचेत उतरली. चित्रकार कल्पना देणार आणि कारागीर ती काचेत सिद्ध करणार, ही वहिवाट तेव्हापासून दृढ झाली. तिने कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली हे निर्विवाद असले, तरी कागदावरचे चित्र काचेवर नकलून काढले की काम झाले, हा घातक समजही तिनेच रूढ केला.

या समजाचे संपूर्ण निराकरण करणारे काम दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातील कॉन्क या गावी, अकराव्या-बाराव्या शतकांतल्या मठमंदिरात आहे, आणि माझ्या मते गेल्या अर्धशतकात या कलेने गाठलेले सर्वोच्च शिखर तेच होय. काळ्या रंगाचे उपासक म्हणून ख्यातनाम असलेल्या पिएर सूलाज यांच्याकडे तेथील १०४ गवाक्षे सोपवण्यात आली, तेव्हा त्यांनी प्रथम आराखडा न काढता त्या वास्तूतल्या प्रकाशाचाच अभ्यास आरंभला. बाजारात मिळणारी काच त्यांना मानवेना, कारण तिच्यातून बाहेरचे दृश्य आत शिरे आणि पाषाणाची गंभीर एकाग्रता भंग पावे. म्हणून शेकडो चाचण्यांनंतर त्यांनी अशी रंगहीन काच घडवली, की जिच्या पोटात काचकण कमी-अधिक दाटीने स्फटिकीभूत झाल्यामुळे प्रकाश तीत विखुरतो, पण दृष्टी आरपार जात नाही. तुलूजचे काचकार झां-दोमिनिक फ्लरी यांच्या सहकार्याने १९९४ साली हे काम पुरे झाले. त्यात आकृती नाही, कथा नाही, घातलेला रंगही नाही; तिरप्या, किंचित वक्र अशा शिशाच्या रेषा तेवढ्या आहेत. तरीही प्रहर पालटतो तसतशी तीच काच कुठे उबदार पिवळसर, कुठे निळसर भासते, कारण रंगाचा कारभार तेथे सूर्याच्या स्वाधीन केलेला आहे. गोव्याच्या जुन्या घरांत शिंपल्यांची पातळ तावदाने लाकडी चौकटींत बसवीत, आणि दुपारचे प्रखर ऊन दुधाळ होऊन आत येई. उजेड येऊ द्यावा पण नजर अडवावी ही जाण त्या अनामिक सुतारांनाही होती, याचे मला फार कौतुक वाटते.

कोलोनच्या कॅथीड्रलात चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांनी २००७ साली केलेले गवाक्ष याच्या अगदी उलट टोकाचे. ९.६ सेंटिमीटर बाजूचे, ७२ रंगांचे, अकरा हजारांहून अधिक चौरस. त्यांची मांडणी अंशतः संगणकाच्या यादृच्छिक निवडीवर सोपवलेली, अंशतः आरशातल्यासारख्या उलट प्रतिबिंबाने साधलेली. तेथील तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल माइस्नर यांनी हे काम मशिदीत अधिक शोभले असते अशी जाहीर नापसंती नोंदवली. हा आक्षेप मला मान्य नाही. ते रंग रिख्टर यांनी त्याच मंदिरातील जुन्या काचांवरून घेतलेले आहेत, आणि ऊन पडले की ते चौरस फरशीवर व खांबांवर उतरून त्या वास्तूचेच होऊन जातात. याउलट वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे २०१८चे गवाक्ष आयपॅडवर रेखाटलेल्या यॉर्कशरच्या फुलोऱ्याचे आहे. प्रसन्न आहे, पण ते कोणत्याही भिंतीत तितकेच प्रसन्न दिसले असते.

आपल्या काळात धर्ममंदिराबाहेर ही कला नेण्याचे मोठे श्रेय २०२५ साली निवर्तलेले काचचित्रकार ब्रायन क्लार्क यांना द्यावे लागेल. लीड्समधील व्हिक्टोरिया क्वार्टर या बाजारपेठेच्या संपूर्ण रस्त्यावर त्यांनी १९९० साली रंगीत काचेचे छत घातले, आणि खरेदीस आलेल्या सामान्य माणसाला आकाशाच्या रंगांत चालण्याचा हक्क मिळवून दिला.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहातील बारा राशींचे चक्रगवाक्ष आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील काचा हा अमोल ठेवा आहे, व विद्यापीठाच्या काचांचा जीर्णोद्धार निष्ठेने झाला आहे. नवनिर्मितीची स्थिती मात्र खेदजनक आहे. देवघराचे दार, जिन्याचा कोपरा, हॉटेलातील छताचा तुकडा एवढ्यांतच तिचा संसार आटोपतो. पुष्कळदा काचेऐवजी छापील फिल्म चिकटवलेली असते आणि मागे एलईडी दिवे लावलेले असतात. दिव्याचा उजेड सकाळ-संध्याकाळ ओळखत नाही, त्यामुळे प्रहरागणिक पालटण्याचे या कलेचे मूळ भांडवलच तेथे बुडते. दोष कारागिराचा नाही. नकाशा मंजूर होऊन, भिंती उभ्या राहून, फर्निचराची तरतूद झाल्यावर उरल्यासुरल्या रकमेत त्याला बोलावले जाते. खिडकी कोणत्या दिशेस असावी याविषयी त्याचे मत कोणी विचारीत नाही. फुंकून तयार केलेली अस्सल काच बव्हेरियातील वाल्डसासेन किंवा फ्रान्समधील सँ-जुस्त अशा मोजक्या कारखान्यांतून येते. हाताने काच घडवण्याची ही विद्या २०२३ साली युनेस्कोच्या वारसायादीत समाविष्ट झाली, हे भूषणावह असले तरी तिच्या दुर्मीळतेचेही निदर्शक आहे.

सध्या सर्वांत गाजणारा मामला पॅरिसच्या नोत्र दामचा आहे. २०१९च्या आगीतून सुखरूप वाचलेल्या, एकोणिसाव्या शतकातील वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक यांच्या काळातील दक्षिणेकडच्या सहा उपमंदिरांच्या काचा काढून तेथे चित्रकार क्लेर ताबुरे यांची नवी काचचित्रे बसवावीत असे डिसेंबर २०२४ मध्ये ठरले. फ्रान्सच्या वारसा आयोगाने त्याआधीच एकमताने विरोध नोंदवला होता. जुने काढूच नये असे माझे म्हणणे नाही. कॉन्कमध्येही आधीच्या काचा उतरवूनच सूलाज यांना जागा मिळाली होती. पण तेथील पूर्वीची चित्रे पाषाणाशी झगडत होती, तर येथील भौमितिक, फिकट काचा मुख्य चक्रगवाक्षांच्या रंगवैभवाला वाव मिळावा म्हणून मुद्दाम संयत ठेवलेल्या आहेत. ज्या तत्त्वावर कॉन्कचे काम थोर ठरते, त्याच तत्त्वावर नोत्र दामच्या या काचा जेथल्या तेथे राहिल्या पाहिजेत.