फिकट सदरा, गडद विजार आणि यवतचा उन्हाळा

शिक्षकांनी शाळेत कोणता पोशाख करावा, याविषयी राज्य शासनाने १५ मार्च २०२४ रोजी एक शासन निर्णय काढला. शासकीय कागद हा काही समीक्षेचा नेहमीचा विषय नव्हे. पण हा कागद अक्षरशः शिक्षकाच्या अंगाला चिकटणारा आहे, आणि निघाला तोही मार्चच्या मध्यावर, उन्हाळा दाराशी आलेला असताना. तेव्हा विज्ञानशिक्षकाने तो उष्णतेचा धडा शेजारी उघडून ठेवून वाचायला हरकत नसावी.

त्यातल्या सूचनांचा आशय असा : जीन्स आणि टी-शर्ट नकोत. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत. पुरुषांनी फिकट शर्ट व गडद पँट घालावी आणि शर्ट खोचलेला असावा. स्त्रियांनी साडी, किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता व दुपट्टा वापरावा. पायांत पोशाखाला शोभतील असे बूट असावेत. वैद्यकीय कारण असल्यास त्यांतून सूट. शिक्षकाच्या पेहरावाचा मुलांच्या मनावर परिणाम होतो, ही यामागची भूमिका. ती चुकीची आहे असे मला वाटत नाही. चुरगळलेल्या कपड्यांत वर्गात येणाऱ्या मास्तरांची मुले कशी नक्कल करतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. या सूचनांमधला जवळजवळ प्रत्येक शब्द डोळ्यांना काय दिसते याविषयी आहे. रंग, नक्षी, खोचणे, शोभणे. कापड कशाचे असावे, विणीचे कसे असावे, अंगात सैल असावे की घट्ट, उन्हाळ्यात काय आणि पावसाळ्यात काय, याविषयी त्यांत मार्गदर्शन नाही. शरीराला मात्र नेमके तेवढेच कळते. कातडीला रंग दिसत नाही.

उदाहरणासाठी आपण पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, दौंड तालुक्यातले यवत घेऊ. जवळच भुलेश्वरचा डोंगर, कालव्याच्या पाण्यावर उभा असलेला ऊस, गुऱ्हाळे आणि पुणे-दौंड लोहमार्गावरचे स्थानक. पुण्याहून रोज गाडीने ये-जा करणारे शिक्षक या पट्ट्यात बरेच. एप्रिलात दुपारी इथला पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. शाळा सकाळची असली तरी सुटेपर्यंत वर्ग तापलेला असतो, आणि शाळा सुटली म्हणून शिक्षकाचे काम सुटत नाही. निकालपत्रके, सर्वेक्षणे, निवडणुकीच्या वर्षी मतदार याद्या, आणि ही कामे बहुधा भर दुपारची.

आता थोडा हिशेब. उभे राहून शिकवणाऱ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला साधारण दीडशे ज्यूल, म्हणजे दीडशे वॅट उष्णता तयार होते. ती बाहेर टाकण्याचे मार्ग आपण मुलांना शिकवतोच : वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. उन्हाळ्यात कातडीचे तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असते. हवा आणि भिंती त्याहून तापल्या की पहिले तीन मार्ग उलटे वाहू लागतात. त्यांतून उष्णता जाण्याऐवजी अंगात येते. उरतो एकटा घाम. एक ग्रॅम घाम कातडीवर वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे केवळ शरीराची स्वतःची दीडशे वॅट उष्णता घालवायची तरी ताशी सव्वादोनशे ग्रॅम घाम वाळला पाहिजे. वाळला पाहिजे, नुसता आला पाहिजे असे नव्हे. कपाळावरून टपकून हजेरीपटावर पडलेला थेंब गारवा देत नाही. तो शरीरातले पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. उन्हाळी पोशाखाची खरी कसोटी इथे आहे : तो घाम वाळू देतो की नाही?

या कसोटीवर रंगाची सूचना पाहू. फिकट शर्ट ही गोष्ट उन्हात बरोबरच आहे. दृश्य प्रकाश आणि त्याला लागून असलेले अवरक्त किरण फिकट रंग अधिक परावर्तित करतो. परिपाठाला मैदानावर उभे असताना त्याचा उपयोग होतो. (मग पँट गडद का, हा प्रश्न एखादा सातवीतला मुलगा विचारील, आणि त्याला डाग दिसू नयेत म्हणून, याखेरीज उत्तर देता येणार नाही.) पण शिक्षकाचा बहुतेक वेळ छपराखाली जातो. गावोगावच्या अनेक शाळांत एखादी तरी खोली पत्र्याची असते. तापलेला पत्रा डोक्यावर जे प्रारण टाकतो ते लांब तरंगलांबीचे, अवरक्त. या किरणांपुढे पांढरे कापड आणि काळे कापड यांत जवळजवळ फरक नसतो. दोन्ही ते सारखेच शोषतात. डोळ्यांना पांढरा दिसणारा शर्ट पत्र्याच्या दृष्टीने काळाच असतो. आपली पाठ्यपुस्तकेही इथे कमी पडतात. काळा डबा आणि पांढरा डबा उन्हात ठेवण्याचा प्रयोग आपण करतो, आणि त्यावरून ‘उन्हाळ्यात पांढरे कपडे घालावेत’ हे वाक्य फळ्यावर लिहून मोकळे होतो. डब्याला घाम येत नाही, हे सांगायचे राहून जाते.

रंगाविषयीचा हा सरधोपट समज एका प्रयोगाने चांगलाच हलवला आहे. वाळवंटात राहणारे बेदुईन लोक काळे झगे का घालतात, या प्रश्नावरचा तो प्रयोग १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वाळवंटाच्या उन्हात काळा झगा आणि पांढरा झगा घालून मोजमापे घेतली. अपेक्षेप्रमाणे काळ्या झग्याने अधिक उष्णता शोषली. पण कातडीपर्यंत पोचलेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच भरली. कारण झगा सैल होता. तापलेले कापड आतल्या हवेला तापवते, ती हवा धुराड्यातल्यासारखी वर चढून गळ्यातून निघून जाते आणि खालून दुसरी हवा आत येते. चालताना कापड हलते तेव्हा लोहाराच्या भात्यासारखे कामही करते. म्हणजे काम करत होती ती आतली हवा. रंगाचा भाग त्यात दुय्यम होता.

आणि म्हणूनच मला शासन निर्णयातला सर्वांत खटकणारा शब्द वाटतो तो ‘खोचलेला’. शर्ट पँटमध्ये खोचला आणि वर पट्टा आवळला की धुराड्याचे खालचे तोंड बंद होते. गळ्याचे बटण लावले की वरचेही. मग बाकांच्या रांगांमधून शिक्षक कितीही फिरले तरी भाता चालत नाही. आतली दमट हवा आतच राहते आणि कमरेभोवती शर्ट, बनियन, पँट व पट्टा असे चार थर जमतात. ज्या थंड मुलखातून ही रीत आली, तिथे आतली ऊब आत राहणे हाच फायदा होता.

यवतच्या लोकांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी यवतला मुक्कामाला येते आणि गावकरी वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण घालतात. त्या गर्दीतला पोशाख पाहावा. सैल सदरा, तोही बाहेर सोडलेला. धोतर किंवा पायजमा. डोक्यावर टोपी किंवा फेटा. खांद्यावर उपरणे, जे घाम पुसायला, डोके झाकायला आणि रात्री अंथरायलाही चालते. दिवसभर चालणाऱ्या माणसाचा हा पोशाख आहे आणि त्यात कुणाला गबाळेपणा दिसत नाही. उसाच्या फडातही असेच एक दृश्य दिसते. तोडणीच्या बायका साडीवर पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. उसाच्या पाचटाने हात कापू नयेत हे त्याचे पहिले कारण, पण उन्हापासून राखणही होते. भर उन्हात उघड्या अंगापेक्षा सैल झाकलेले अंग बरे, हे पुस्तकाशिवाय ठरलेले शहाणपण आहे. जुन्या गोष्टी सगळ्याच शहाण्या होत्या असे मात्र म्हणू नये. धोतरावर कोट घालून शिकवणारे जुने मास्तर आपल्या आजोबांनी पाहिले. मे महिन्यात त्या कोटाखाली काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक.

आता कापड. कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सुती कापड घाम टिपते, पसरवते आणि मोठ्या पृष्ठभागावर वाळवते. साध्या दाट विणीच्या टेरिकॉटखाली तो कातडीवरच तळे करून राहतो. पण इथेही सरसकट निवाडा नको. क्रिकेटपटूंचे हल्लीचे कपडे पॉलिस्टरचेच असतात. त्यांचे धागे आणि वीण अशी केलेली असते की घाम धाग्यांमधल्या बारीक फटींतून बाहेर ओढला जातो. उलट दाट विणीची सुती जीन्स उन्हाळ्यात नकोशीच होते. तेव्हा तंतूइतकीच वीणही महत्त्वाची. शिवाय यवतच्या कोरड्या हवेत जे चालते ते चिपळूणच्या दमट हवेत तसेच चालेल असे नाही. तिथे भिजलेले सुती कापड लवकर वाळत नाही, अंगाला चिकटते आणि वाऱ्यालाच जास्त महत्त्व येते. एकाच राज्यातले हे दोन उन्हाळे, आणि कागद एक.

शाळेने गणवेश ठरवायचा म्हटला की घाऊक खरेदी येते, आणि घाऊक खरेदीत टेरिकॉट जिंकते. ते स्वस्त असते, टिकते, आणि मुख्य म्हणजे इस्त्री मोडत नाही. सहाच्या गाडीने यवतला निघणारी शिक्षिका सुती साडी टाळते ती तिला भौतिकशास्त्र येत नाही म्हणून नव्हे. सुती साडी धुवायची, खळ घालायची, इस्त्री करायची, आणि हे सगळे घरचा डबा करून. सुती कापड वापरा असा उपदेश करणाऱ्यांनी (मीही त्यांतलाच) ही मजुरी कोणाच्या खात्यावर पडते ते पाहावे. साडीची एक बाजू मात्र शास्त्रानेही मान्य केली आहे. साडी, सलवार-कुर्ता, धोतर आणि लुंगी यांची उष्णतारोधकता मोजण्याचे काम झाले आहे. त्यात एकच साडी नेसण्याच्या पद्धतीनुसार कमी किंवा अधिक उबदार ठरते असे दिसले. पदर सोडता येतो, घेता येतो. दिवसभरात स्वतःच्या पोशाखाची ऊब बदलण्याची ही मुभा खोचलेल्या शर्टाला नाही.

अशी मुभा नियमांत ठेवता येते, याची उदाहरणे आहेत. वकिलांच्या पोशाखाइतका कडक पोशाख दुसरा नसेल. तरी बार कौन्सिलच्या नियमांनुसार सर्वोच्च व उच्च न्यायालये सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. जपानच्या सरकारने २००५ च्या उन्हाळ्यात कार्यालयांतले वातानुकूलन २८ अंशांवर ठेवायला सांगितले आणि त्याबरोबरच टाय व कोट काढून या असेही सांगितले. पंतप्रधानांनी स्वतः टाय सोडला. खोलीचे तापमान आणि अंगावरचा कपडा हा एकच प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे शासकीय कर्मचाऱ्यांसाठी डिसेंबर २०२० मध्ये निघालेल्या परिपत्रकात आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असे होते. हेतू खादीच्या प्रोत्साहनाचा होता, पण हातसुताच्या मोकळ्या विणीमुळे ती सूचना उन्हाळ्याच्या बाजूने पडली. शिक्षकांच्या निर्णयात कापडाविषयी असे एखादे वाक्य यायला हवे होते, आणि मार्च ते जून शर्ट बाहेर सोडायची व बुटांऐवजी चपला घालायची परवानगी. सरळ कापलेला, बाहेर घालायचाच शिवलेला सदरा कोणत्याही अर्थाने अव्यवस्थित दिसत नाही.

तोवर शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. सारख्या आकाराच्या तीन बाटल्यांत सारखेच कोमट पाणी घ्या आणि प्रत्येकीत तापमापी ठेवा. एकीला सुती, दुसरीला टेरिकॉट कापड गुंडाळा. दोन्ही कापडांवर मोजून सारखेच पाणी शिंपडा. तिसरीला ओले सुती कापड गुंडाळून वरून प्लास्टिकची पिशवी घाला आणि तोंडाशी व बुडाशी दोऱ्याने घट्ट बांधा. हा आपला खोचलेला शर्ट. तिन्ही सावलीत, वाऱ्याला ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. नंतर पिशवीची दोन्ही तोंडे सोडून पुन्हा करा. आठवी-नववीची मुले हे सहज करतील.

आणि शाळेच्या समितीवर गणवेशाचे कापड निवडायची वेळ आलीच, तर दुकानातून नमुन्याचा तुकडा घरी आणून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब लगेच पसरतो की मण्यासारखा बसून राहतो ते पाहावे. तुकडा आधी एकदा धुवून, वाळवून घ्यावा. नव्या कापडावर खळ असते आणि चांगल्या सुती कापडावरही थेंब पहिल्यांदा तसाच बसून राहतो.