रुग्णालय-जहाज : खाटा आणि मधली वाट

भवानीनगरला समुद्र नाही. नीरेचा डावा कालवा आहे, ऊस आहे आणि श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. तरीही गेली चार वर्षे मी नौदलांच्या रुग्णालय-जहाजांविषयी मिळेल ते वाचतो आहे. त्याला कारण आहे एप्रिल 2021 मधील एक रात्र. दाजींसाठी आम्ही रात्रभर खाट शोधत फिरलो. पहाटे खाट मिळाली, पण तिथला ऑक्सिजन संपत आला होता. नवे सिलिंडर दुपारी आले. तोवर दाजी गेले होते.

त्याआधी वर्षभर मी वेगळेच बोलत होतो. मार्च 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेले 'कम्फर्ट' हे पांढरेशुभ्र जहाज दूरदर्शनवर पाहिले आणि भेटेल त्याला सांगू लागलो, की एवढा किनारा असलेल्या देशाकडे असे जहाज हवेच. हा लेख म्हणजे माझ्याच त्या मताची तपासणी आहे.

'कम्फर्ट' मूळचे तेलवाहू जहाज. त्याचे रुग्णालय केले, 1000 खाटा आणि 12 शस्त्रक्रियागृहे बसवली. 30 मार्च 2020 ला ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि 30 एप्रिलला परत निघाले. या महिन्याभरात त्यावर 182 रुग्णांवर उपचार झाले. लॉस एंजेलिसला गेलेल्या तेवढ्याच मोठ्या 'मर्सी' जहाजावर 77. शहरातील रुग्णालये ओसंडून वाहत असताना धक्क्यावरच्या खाटा रिकाम्या का राहिल्या?

जहाज नादुरुस्त नव्हते, डॉक्टरही होते. अडचण नियोजनात होती. सुरुवातीला ठरले, की जहाजावर करोना नसलेले रुग्णच घ्यायचे, म्हणजे शहरातील खाटा करोनासाठी मोकळ्या होतील. पण टाळेबंदीत अपघात कमी झाले, नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या आणि रुग्णालयांत उरले ते बहुतांशी करोनाचेच रुग्ण. शिवाय रुग्णाला आधी शहरातील रुग्णालयात जावे लागे, तिथे तपासणी होई आणि मगच तो जहाजावर जाई. आठवड्याभरात धोरण बदलले, करोनाचे रुग्णही घ्यायचे ठरले. तेव्हा अंतर ठेवण्यासाठी खाटा निम्म्यावर आणाव्या लागल्या. ही जहाजे युद्धातील जखमींसाठी बांधलेली आहेत. मोठे मोकळे कक्ष, एकावर एक खाटा. जखमींसाठी ते सोयीचे, पण श्वासातून पसरणाऱ्या रोगासाठी घातक. जहाजात साथ कशी पसरते हे जगाने त्याच फेब्रुवारीत 'डायमंड प्रिन्सेस'वर पाहिले होते. त्यावरील 3711 जणांपैकी 700 हून अधिक बाधित झाले. मुंबईत नौदलाच्या 'आंग्रे' तळावरही एप्रिल 2020 मध्ये वीसहून अधिक खलाशी बाधित निघाले.

मात्र एवढ्यावरून ही जहाजे निरुपयोगी ठरवणे चूक होईल. हैतीत 12 जानेवारी 2010 ला भूकंप झाला. तिथली रुग्णालयेच कोसळली होती, तेव्हा याच 'कम्फर्ट'वर शेकडो शस्त्रक्रिया झाल्या. 2004 च्या त्सुनामीनंतर आपल्या नौदलाने 'निरुपक' या सर्वेक्षण-जहाजावर 46 खाटांचे रुग्णालय उभारून ते इंडोनेशियाला पाठवले. किनाऱ्यावरचे रुग्णालय नष्ट झाले असेल तर तरंगते रुग्णालय वरदान ठरते. साथीत मात्र इमारती शाबूत असतात. कमी पडतात माणसे, ऑक्सिजन आणि रुग्ण हलवण्याची व्यवस्था. जहाजावर जाणारे डॉक्टर आणि परिचारिका आकाशातून येत नाहीत. ते किनाऱ्यावरच्याच कुठल्यातरी रुग्णालयातून काढावे लागतात. कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयातील पथक जहाजावर चढवले, तर तेवढी माणसे 'अश्विनी'त कमी होणार.

हा धडा नवा नाही, आणि त्याचा एक धागा आमच्या तालुक्यापर्यंत येतो. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे प्रवासी जहाज घेऊन हिंदी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय केले आणि त्याला 'लॉयल्टी' नाव दिले. हे शिंदे घराणे मूळचे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे. युद्धानंतर ते जहाज घेतले सिंदिया कंपनीने. तिच्या संस्थापकांत वालचंद हिराचंद होते, ज्यांच्या नावाचे वालचंदनगर आमच्या इंदापूर तालुक्यात आहे. 5 एप्रिल 1919 ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले, म्हणून आज 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. जहाजाचा व्यापारातील मान आपण जपला, तो योग्यच. पण त्या काळच्या रुग्णालय-जहाजांनी शिकवलेली गोष्ट विसरलो.

ती गोष्ट मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकमधली. तिथले जखमी बसऱ्याहून रुग्णालय-जहाजांनी मुंबईला आणले जात. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनची लढाई झाली. बसऱ्याला 'वरेला' हे रुग्णालय-जहाज उभे होते, मेजर कार्टर हे डॉक्टर त्यावर होते. पण रणांगण आणि बसरा यांच्यामध्ये तैग्रिस नदीची लांबच लांब वाट होती आणि तिच्यावर जखमींसाठी पुरेशा बोटीच नव्हत्या. 'मेजिदिये' नावाची आगबोट शेकडो जखमींना घेऊन आली. ते अनेक दिवस उघड्यावर, घाणीत, जखमा न बदलता पडून होते. कार्टर यांनी ते लिहून कळवले, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दटावले. 1917 च्या चौकशी आयोगाने त्यांची साक्ष प्रसिद्ध केली आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना पायउतार व्हावे लागले. जहाज सज्ज होते, मधली नदी सज्ज नव्हती.

या कसोटीवर आपल्या नौदलाचे करोनाकाळातील काम पाहिले, तर मला ते 'कम्फर्ट'पेक्षा सरस वाटते, कारण त्याने वाट सांभाळली. 2020 च्या 'समुद्र सेतू' मोहिमेत चार जहाजांनी परदेशांत अडकलेले 3992 भारतीय घरी आणले. दुसऱ्या लाटेत 'त्रिकंड' कतारहून 40 टन द्रव ऑक्सिजन घेऊन 10 मे 2021 ला मुंबईला आले. खाटेची फारशी चर्चा न करता, खाटेला जे लागते ते आणले.

पण टीका नौदलावरही करायला हवी. फेब्रुवारी 2024 मध्ये 'संधायक' हे नवे सर्वेक्षण-जहाज ताफ्यात आले, तेव्हा गरजेला ते रुग्णालय-जहाज होईल असे सांगण्यात आले. मग पुढचे प्रश्नही विचारावेत. कोणत्या रुग्णालयातील पथक चढणार आणि तिथली जागा कोण भरणार? कोणते रुग्ण घेणार? धक्क्यापर्यंत रुग्णवाहिका कोण आणणार? राज्याच्या आरोग्य खात्यासह याचा सराव कधी? याची उत्तरे साथ येण्याआधीच ठरलेली असावी लागतात. नंदुरबारमध्ये पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर 2020 मध्येच, ऑक्सिजन प्रकल्प सुरू झाला. म्हणून दुसऱ्या लाटेत त्या आदिवासी जिल्ह्याचे नाव देशभर घेतले गेले. तिथे समुद्र नाही, जहाजही नाही. शांत काळात केलेली तयारी मात्र होती.

आमच्याकडे हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. बंद हंगामात कारखान्याची दुरुस्ती होते, दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो. पण गाळप क्षमता कितीही टनांची असो, ऊसतोडीच्या टोळ्या आणि वाहने आली नाहीत तर गव्हाण रिकामीच राहते. म्हणून आमचा सभासद कारखान्याला क्षमता नंतर विचारतो. आधी विचारतो, टोळ्यांचे करार झाले का, उचल दिली का?

2020 मध्ये मी खाटा मोजत होतो. दाजींच्या खाटेजवळ बसलो होतो तेव्हा कळले, मोजायला हवे होते ते सिलिंडर, ते आणणारी गाडी आणि ते लावणारा माणूस. जहाज बांधायचे असेल तर जरूर बांधावे. पण त्याच्या अंदाजपत्रकात या तिन्हींचा हिशोब पहिल्या पानावर असावा.