शिवारफेरी: कोणाची शेती, कोणाचे हात?

शहरातल्या शाळांना अलीकडे शेतीचा मोठा लळा लागला आहे. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षण सुचवले. आता हुरड्याच्या दिवसांत बसगाड्या भरून मुले शिवारात नेली जातात. बैलगाडीत बसायचे, वाफ्यातली मेथी उपटायची, गाईच्या आचळाला हात लावायचा, हुरडा खाऊन परतायचे. याला ‘अनुभवातून शिक्षण’ असे भारदस्त नाव आहे.

मुलांनी शेत पाहू नये असे मी म्हणत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे मूलज्ञान द्यावे अशी मागणी केली होती. पण त्याच निवेदनात शेतकऱ्याच्या सारापट्टीचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हेही त्यांनी सुनावले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पीक आणि पिळवणूक या दोन गोष्टी जोतीरावांनी वेगळ्या केल्या नाहीत. आजच्या शिवारफेरीने त्या सफाईने वेगळ्या केल्या आहेत.

मी शिक्षक या नात्याने अशा दोन सहलींना गेलो. मुलांच्या हाती प्रश्नांचा कागद होता: पिकाचे नाव, खत कोणते, पाणी किती दिवसांनी. ‘शेतकरीदादा’ माहिती सांगत होते. ते जमिनीचे मालक. चार सऱ्या पलीकडे पाच-सहा बाया खुरपत होत्या. त्यांच्यासाठी त्या कागदावर एकही प्रश्न नव्हता. त्यांचा रोज किती, त्यांच्या नावावर किती गुंठे, त्यांची मुले आज कुठे आहेत? छायाचित्रात त्या पार्श्वभूमी म्हणून मात्र आल्या.

ज्याला हे काम कधी करावे लागणार नाही त्याला अर्धा तास खुरपे धरणे ही गंमत वाटते. ज्याची आई तेच खुरपे घेऊन रोजाने जाते त्या मुलाला या सहलीत नवे काय मिळणार? १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली गेली, तेव्हा हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याची भाषा झाली. ती भाषा पांढरपेशांना नवी होती. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना हाताच्या कामाशिवाय दुसरे काही दिलेच नव्हते. अक्षर तेवढे नाकारले होते. श्रमाची प्रतिष्ठा हा शब्द श्रमाची सक्ती असलेल्यांच्या कानाला वेगळा लागतो.

आणि हुरड्याचा हंगाम म्हणजे ऊसतोडीचाही हंगाम. बीडसारख्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात, ती उन्हाळा लागताना परततात. व्यवहारात त्या नवरा-बायकोला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाचे नावच हत्यारावर ठेवले आहे! त्यांची कितीतरी मुले त्या काळात शाळेऐवजी कोपीवर असतात, धाकट्याला सांभाळतात, वाढे गोळा करतात. एका रस्त्याने शाळेतली मुले शेत ‘अनुभवायला’ जातात, त्याच रस्त्याने ही मुले शेतापायी शाळा सोडून गेलेली असतात. शेतीचा पाठ कोणता म्हणायचा?

जमिनीचा प्रश्न तर सहलीत निघतच नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीखालच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींच्या वाट्याला नऊ टक्क्यांहून कमी क्षेत्र आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या १६.६ टक्के होती. हे आपोआप झाले नाही. महार वतनाच्या तुकड्यासाठी गावाची वेठ वाहावी लागे. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतन रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये माणसे तुरुंगात गेली. ठिबक सिंचन समजणाऱ्या सातवीच्या मुलाला हे समजत नाही, असे कोणी म्हणू नये.

पुढची सहल आखणाऱ्या शिक्षकमित्रांनी त्या शेताचा सातबारा सोबत न्यावा. तो आता संगणकावरही मिळतो. बांधावर बसून मुलांकडून तो वाचून घ्यावा, मग पलीकडे खुरपणाऱ्या बायांपैकी कोणाचे नाव त्यात आहे ते त्यांना शोधायला सांगावे.