जरा इकडे बघा!

कॅमेरा हातात आला की भल्याभल्यांचा कलावंत होतो. माझाही झाला. त्याआधी मी कारकून होतो. नंतरही कारकूनच राहिलो, पण आता मला लेजरवर पडलेली उन्हाची तिरीप दिसू लागली. त्यापायी बेरजा चुकू लागल्या, ही गोष्ट वेगळी.

माझा पहिला कॅमेरा ‘आग्फा क्लिक थ्री’. एका रोलमध्ये १२ फोटो. ऊन असलं तर खटका सूर्याच्या चित्रावर आणायचा, आभाळ असलं तर ढगाच्या. बाकी कला ज्याची त्यानं पदरची घालायची. ती माझ्याकडे भरपूर होती, असा माझा समज होता.

त्यातच आँरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा तो प्रसिद्ध फोटो पाहण्यात आला आणि घरच्यांचे ग्रह फिरले. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे पाणी साचलंय. एक गृहस्थ त्यावरून उडी मारतोय. टाच पाण्याला टेकायला केसभर अवकाश आहे. खाली त्याचं प्रतिबिंब उडी मारतंय आणि मागच्या पोस्टरातली नर्तकीही उडीच मारतेय! १९५२ साली या माणसाच्या पुस्तकाला इंग्रजीत नावच दिलं गेलं ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाचं.

पुढचे दोन पावसाळे मी आमच्या बोळातल्या डबक्यापाशी निर्णायक क्षणाची वाट पाहत उभा राहिलो. पण आपला माणूस डबक्यावरून उडी मारत नाही. तो लेंगा वर धरतो, रस्ते बांधणाऱ्यांच्या कुळाचा उद्धार करतो आणि सावकाश त्यातूनच जातो. वर मलाच विचारतो, “काय हो, काही पडलं का?”

शेवटी मी घरातल्या हक्काच्या विषयाकडे वळलो. आईकडे. तुळशीपाशी पाठमोरी आई, गहू निवडणारे नुसते हात, भिंतीवर नुसती सावली. ती म्हणायची, “अरे, तोंड येऊ दे की माझं त्यात!”

“आई, चेहरा म्हणजे फार उघड होतं गं. कलेत सूचकता हवी.”

“मग मला कशाला बसवतोस? सुपालाच बसव.”

गव्हातल्या हातांना ऑफिसच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा. आईनं त्यात तेच गहू भरले.

फोटोतली कला म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळलं. तेही होमाई व्यारावाला यांच्या फोटोंमुळे. नवसारीला १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या या बाई दिल्लीत वृत्तपत्रांसाठी फोटो काढत. १९७० साली त्यांनी धंदा सोडला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या एका फोटोत पंडित नेहरू पालम विमानतळावर बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट पाहत उभे आहेत. शेजारी पाटी आहे : फोटो काढण्यास सक्त मनाई. पाटीही वाचता येते आणि माणूसही. बाईंनी ना पाटीला ठळक केलं, ना नेहरूंची सावली धरली. दोघांनाही नीट पाहता येईल अशा जागी त्या उभ्या राहिल्या, बस्स. विनोद समोर होता, तो त्यांनी सांडू दिला नाही. दुसऱ्या एका फोटोत नेहरू बहिणीला मिठी मारताहेत. तिथं पंतप्रधान संपतो आणि भाऊ उरतो.

मला वाटतं, फरक इथंच आहे. बाई समोरच्या माणसाकडे बघत होत्या. मी समोरच्या माणसातून माझ्या कलेकडे बघत होतो.

आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मी आणि हिनं सहा अल्बम पालथे घातले. हात सापडले, पाठ सापडली, सावल्या तर पोत्यानं. फ्रेमवाला म्हणाला, “साहेब, हात झकास आलेत. पण हार कुठं घालणार?”

अखेर पासबुकासाठी काढलेला एक फोटो मिळाला. नाक्यावरच्या स्टुडिओतला. दोन्ही कान सारखे, मागं कुरूप पडदा. त्याला कोणी कला म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण त्या दिवशी मी तिथंच बाहेर उभा होतो. तो माणूस म्हणाला होता, “आजी, जरा इकडे बघा.” आणि ती बघत होती. इतक्या वर्षांत, इतक्या रोलांत, मी तिला एवढं एक वाक्य म्हटलं नव्हतं. आज भिंतीवरून ती माझ्याकडे बघते, ती त्या स्टुडिओवाल्याच्या कृपेनं.

परवा नातू मोबाईल घेऊन माझ्याभोवती घिरट्या घालत होता. चाळीसेक फोटो काढले असतील. पाहिले, तर माझी काठी, माझी चप्पल, माझा चष्मा.

“आजोबा, हे क्रिएटिव्ह आहे,” तो म्हणाला.

माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, “अरे, तोंड येऊ दे की माझं त्यात!”