परिसंवाद : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

मराठी समीक्षेने कविता, कादंबरी, नाटक आणि लघुकथा यांची चिकित्सा पुष्कळ केली; लघुनिबंधासारख्या नाजूक प्रकारालाही तिने आपल्या ग्रंथांत स्वतंत्र प्रकरण दिले. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या भाषेतील विचार ज्या ठिकाणी प्रत्यक्ष घडत आला, ते व्यासपीठ मात्र तिच्या दृष्टीस फारसे पडलेले नाही. व्याख्यान छापले गेले की आपण त्याला निबंध समजतो, आणि छापले गेले नाही तर ते झालेच नाही असे मानून पुढे जातो. परिसंवादाची स्थिती याहून शोचनीय. त्यातील चार भाषणे चार वक्त्यांच्या चार संग्रहांत विखुरतात. आणि ज्यामुळे तो परिसंवाद या नावाला पात्र होता ते, म्हणजे एकाने दुसऱ्यास दिलेले उत्तर, कोणाच्याच संग्रहात जात नाही.

या विषयाशी माझा संबंध आला तो भाषांतराच्या निमित्ताने. भाषणाचे भाषांतर करू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती विचाराची नसते, सर्वनामाची असते. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द पुरतो. हिंदीतही बहुधा तसेच. मराठीला तो पुरत नाही. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा श्रोत्याला वगळतो, ‘आपण’ म्हणताना त्याला कवेत घेतो. शिवाय तेच ‘आपण’ आदरार्थी योजले की त्यातून बोलणाराच बाहेर पडतो आणि श्रोता तेवढा उरतो. निबंधात हा भेद कित्येकदा झाकून नेता येतो. समोर माणसे बसलेली असताना तो झाकता येत नाही. व्यासपीठावरील वाङ्मयाचा विचार कोणी खरोखर करील, तर त्याने या सर्वनामांपासून आरंभ करावा असे मला वाटते.

पुण्यातील वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली झाला. त्याच वर्षी, रानड्यांच्याच निमंत्रणावरून स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले आणि त्यांनी येथे व्याख्यानांची एक मालिका दिली. त्यांपैकी पंधरा व्याख्याने आज उपलब्ध आहेत. ती ज्या रीतीने उपलब्ध आहेत, ती रीत कोणाही भाषांतरकाराला अंतर्मुख करील. मातृभाषेने गुजराती असलेला एक संन्यासी, सारे आयुष्य संस्कृतात वाद केल्यानंतर नुकताच हिंदीत बोलू लागला होता. तो पुण्यात हिंदीत बोलला, श्रोत्यांपैकी कोणी ते मराठीत टिपून घेतले, ते मराठीत छापले गेले, आणि पुढे त्या मराठीवरून ते पुन्हा हिंदीत गेले. आज हिंदी वाचक ‘उपदेश मंजरी’ या नावाने जे वाचतो ते दयानंदांच्या हिंदी भाषणाच्या मराठी टिपणाचे हिंदी भाषांतर होय. मूळ कोणते, हा प्रश्न येथे विचारून उपयोग नाही. मूळ त्या सायंकाळीच विरून गेले. मराठी वृत्तांत हाच काय तो आधार, आणि तो लिहिणारा श्रोता होता. वक्त्याचे शब्द त्याने आपल्या कानाने, आपल्या समजुतीने आणि आपल्या घाईने घेतले. विवेकानंदांच्या वाट्याला जे. जे. गुडविन यांच्यासारखा निष्णात लघुलेखक आला म्हणून त्यांची व्याख्याने आज इतकी भरघोस दिसतात. आपल्याकडील बहुतेक वक्त्यांना असा गुडविन लाभला नाही. आणि त्यांची गणना आपण ‘फर्डे वक्ते’ एवढ्या दोन शब्दांत संपवली.

व्यासपीठाचा इतिहास लिहिताना कोण बोलले एवढेच पाहून चालत नाही; कोण बोलावयास आले नाही हेही पाहावे लागते. रानडे आणि लोकहितवादी यांच्या प्रयत्नाने १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. दुसरे १८८५ साली. या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले आणि त्यांनी ते नाकारले. नकाराचे ते पत्र ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. दहाच वर्षांपूर्वी, दयानंदांच्या मिरवणुकीत, फुले आणि रानडे पुण्याच्या रस्त्यातून बरोबर चालले होते. तेव्हा हा नकार वैयक्तिक वैमनस्यातून आलेला नाही हे उघड आहे. पत्राचा आशय आता सर्वश्रुत आहे : जे सर्व माणसांचे मानवी हक्क मोकळेपणाने मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसावयाचा नाही. ते समाजसुधारणेच्या इतिहासात नेहमी उद्धृत होते. वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे स्थान याहून निराळे असावयास हवे. सर्व ग्रंथकारांना एका छताखाली ‘आपण’ म्हणू पाहणाऱ्या सभेला कोणी ‘आम्ही’ आणि ‘ते’ या शब्दांत उत्तर दिल्याचा, माझ्या समजुतीप्रमाणे, मराठीतील हा पहिलाच ठळक प्रसंग होय. निमंत्रक उदार होते यात शंका नाही. पण ‘आपण’ हे सर्वनाम एका बाजूने उच्चारून सिद्ध होत नाही, आणि पुढे जन्मास आलेल्या अनेक संमेलनांनी हे लक्षात घेतले नाही.

याच सूत्राचा शेवट शोधत गेल्यास आपण लाहोरला पोचतो. तेथील जातपात तोडक मंडळाने आपल्या १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना देऊ केले. भाषण लिहून झाले. मंडळाला त्यातील काही भाग, विशेषतः वेदांच्या प्रामाण्यावर आघात करणारा, गाळलेला हवा होता. आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. आणि भाषण झालेच नाही. त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने पंधराशे प्रती छापून प्रसिद्ध केले. त्यातील मते परिषदेला असह्य होतील या कारणास्तव स्वागतसमितीने परिषद रद्द केल्यामुळे हे भाषण दिले गेले नाही, असे मुखपृष्ठावरच नमूद केलेले आहे. मला हे मुखपृष्ठ फार महत्त्वाचे वाटते. एरव्ही छापील भाषणाच्या मुखपृष्ठावर ते कोठे व केव्हा दिले याचा उल्लेख असतो. येथे ते का दिले गेले नाही याचा आहे. न भरलेली सभा ही या ग्रंथाची पार्श्वभूमी राहत नाही, ती त्याचा घटक बनते.

पुस्तिकेच्या आरंभी मंडळाशी झालेला पत्रव्यवहार आहे, मग भाषण आहे. जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली, १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका आणि तिला आपले उत्तर, दोन्ही जोडली. आता या ग्रंथाची रचना पाहावी. निमंत्रकांचा आग्रह आहे, वक्त्याचा नकार आहे, भाषण आहे, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आहे, आणि त्याला मुद्देसूद उत्तर आहे. भारतातील आधुनिक वाङ्मयात परिसंवाद या प्रकाराचा सर्वोत्कृष्ट नमुना कोणता, असे मला विचारल्यास मी याच ग्रंथाचे नाव घेईन. आणि त्यातील सहभागी व्यक्ती एका व्यासपीठावर क्षणभरही बसल्या नाहीत, हे त्या उत्तराला बाधक आहे असे मी मानीत नाही.

भाषांतरकाराची अडचण येथे पुन्हा डोके वर काढते. भाषणात आंबेडकर श्रोत्यांना द्वितीय पुरुषात संबोधतात. मराठीत तेथे ‘आपण’ लिहावे की ‘तुम्ही’? विद्वत्सभेचा शिष्टाचार म्हणेल, आदरार्थी ‘आपण’ योजावे. पण १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यास धर्मांतराची घोषणा करून आलेला वक्ता हिंदू श्रोत्यांपुढील हे आपले बहुधा शेवटचे भाषण आहे असे सांगत असताना, आणि या कार्यात मी तुमच्याबरोबर असणार नाही असे बजावीत असताना, ‘आपण’ हा शब्द वाचकाच्या मनात क्षणभर का होईना वक्त्याला श्रोत्यांतच बसवील. सौजन्य साधेल, आणि अर्थ नेमका उलटा होईल. येथे ‘तुम्ही’च हवे. हे मी व्याकरणाच्या आधाराने म्हणत नाही. जी सभा भरली नाही, त्या सभेची आसनव्यवस्था डोळ्यांपुढे आणून म्हणतो.

सात वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ रोजी, पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात रानड्यांच्या एकशेएकाव्या जन्मदिनी आंबेडकर रानड्यांवर बोलले. निमंत्रण डेक्कन सभेचे होते, आणि ती संस्था १८९६ साली रानड्यांनीच स्थापिलेली. ज्या रानड्यांच्या सभेला फुल्यांनी नकार दिला, त्यांच्याच संस्थेच्या व्यासपीठावरून त्यांचे मूल्यमापन आंबेडकरांनी करावे, आणि ते करताना विभूतिपूजेवर कठोर प्रहार करून गांधी व जीना या समकालीनांशी त्यांची तुलना मांडावी, हा प्रसंग नाटककाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते. वृत्तपत्रे खवळली, छापील भाषणाच्या प्रस्तावनेत त्यांना उत्तर आहे. परिसंवाद सभागृहाबाहेर चालू राहिला.

उलट बाजूनेही एक उदाहरण पाहू. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी जयप्रकाश नारायण यांच्या आरोग्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. जयप्रकाश तेव्हा मुंबईत रुग्णशय्येवर होते. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, त्या वेळचे केंद्रीय मंत्री. हेच आवाहन एखाद्या नियतकालिकाच्या पानावर छापले गेले असते तर ते एका आजारी माणसाविषयीची सदिच्छा ठरले असते. कराडला, त्या मंडपात, त्या स्वागताध्यक्षांच्या उपस्थितीत, त्याचा अर्थ काय झाला हे श्रोत्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. पुढील वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. विधानाचा अर्थ विधानातच असतो, ही आपल्या समीक्षेची लाडकी समजूत व्यासपीठावर टिकत नाही.

आणि आजचा परिसंवाद? दूरचित्रवाणीवरील चर्चांविषयी लिहिण्यासारखे मला फारसे दिसत नाही. तेथे प्रश्न संपण्यापूर्वीच उत्तर सुरू होते, एवढे म्हटले की पुरे. खरी चिंता विद्यापीठांच्या आणि साहित्यसंस्थांच्या परिसंवादांची आहे, कारण तेथे सर्व काही सभ्यपणे चालते. पाच वक्ते, प्रत्येकी बारा मिनिटे, सत्राला एक तास. या हिशेबात चूक एवढीच की त्यात परिसंवादाला एकही मिनिट उरत नाही. वक्ता घरून निबंध लिहून आणतो. आपल्याआधीच्या वक्त्याने त्याच मुद्द्याचे खंडन केले असले तरी तो आपला परिच्छेद जसाच्या तसा वाचतो. कारण तो पुढे छापावयाचा असतो. अध्यक्ष प्रत्येकाच्या मांडणीला ‘मौलिक’ म्हणतात. एकमेकांच्या विरुद्ध असलेली दोन मते एकाच वेळी मौलिक कशी, हे कोणी विचारीत नाही.

काही वर्षांपूर्वी दिल्लीत भाषा आणि न्याय या विषयावरील एका बहुभाषिक परिसंवादात मी दुभाष्याचे काम करीत होतो. पहिल्या वक्त्याने न्यायदान लोकभाषेत व्हावे असे सांगितले. तिसऱ्याने कायद्याची परिभाषा प्रादेशिक भाषांत अजून स्थिरावलेली नाही असे दाखविले. दोघांची गाठ पडली नाही. तिसऱ्या रांगेतून एका वृद्ध गृहस्थांनी चिठ्ठी पाठविली. ती अध्यक्षांपर्यंत पोचली, आणि पाण्याच्या पेल्याखाली घडीसकट राहिली. वेळ संपला होता. चहाच्या वेळी मी त्या गृहस्थांना गाठले. ते एका जिल्हा न्यायालयात अनेक वर्षे कारकून होते. त्यांचा प्रश्न असा होता : साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो, मी ते प्रमाणभाषेत लिहून घेतो, निकाल इंग्रजीत होतो, मग अपिलात जी साक्ष वाचली जाते ती साक्षीदाराची की माझी?

दयानंदांचा मराठी टिपणकार मला त्या क्षणी आठवला. दिवसभरात ऐकलेल्या वाक्यांत पहिल्या आणि तिसऱ्या वक्त्याला समोरासमोर उभे करणारे एवढेच वाक्य होते. निबंधसंग्रहाच्या मराठी आवृत्तीचे काम पुढे माझ्याकडे आले, तेव्हा तो प्रश्न तळटीप म्हणून तरी यावा अशी विनंती मी केली. श्रोत्यांचे प्रश्न छापण्याचा प्रघात नाही, असे उत्तर आले, आणि ते वस्तुस्थितीला धरूनच होते. ग्रंथ निघाला तेव्हा त्यात सर्व निबंध होते, अध्यक्षांचा समारोप होता, आणि शेवटी सहभागी विद्वानांचा परिचय होता.